तेरोयचं टिंब

नोंग तेरोय जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर अशी गोष्ट सुरू झाली की लोक रुमाल काढून बसतात. सेबू बेटावरच्या आमच्या दानावमध्ये, टेकडीखालच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली तो रोज सकाळी उठतो, सुक्या मासळीशी भात खातो आणि दाराकडे पाठ करून बसतो. मेलेल्या माणसासाठी निदान नऊ दिवस प्रार्थना तरी होते. याच्यासाठी तीही नाही.

मी बेबांग. शिवणकाम करते. नेमबाजांचे पट्टे, मॅगझिनच्या पिशव्या, सगळं माझ्या मशीनवर होतं. रविवारी नेमबाजीच्या रेंजवर घड्याळ धरते. घड्याळ धरणं म्हणजे नेमबाजाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, बटण दाबून त्याच्या कानाशी शिट्टी वाजवायची आणि शेवटची गोळी सुटेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला हे काम कोणी दिलं, देव जाणे. वयाने मोठी म्हणून सगळे मला नांग म्हणतात, तसंच तेरोयला नोंग, आणि धाकट्या पोरीबाळींना आम्ही दाय. आम्ही दोघंही एकमेकांना तेच म्हणतो. दोघांनीही साठी ओलांडली, पण थोरलं कोण याचा निकाल काही लागला नाही.

तेरोयने चौतीस वर्षं पिस्तुलांच्या कारखान्यात कानस चालवली. निवृत्त झाल्यावर बाकी सगळं सोडलं आणि एकच काम ठेवलं, सुट्या भागांचं. आता तुम्ही म्हणाल, सुटे भाग काय, दुकानातून आणून डब्यात टाकले की झालं. असं त्याच्यासमोर बोलून बघायला हवं होतं. सेबू शहरातून येणारा दातांचा एक डॉक्टर एकदा बोलला. परदेशातून मागवलेली प्लॅस्टिकची पाकिटं टेबलावर ओळीने मांडून म्हणाला, "नोंग, माझ्याकडे सगळं जादा आहे. स्प्रिंगा, पिना, आकडे. आता मला तुमची गरज नाही."

तेरोयने पाकिटाला हातही लावला नाही. "डॉक्टर, तुम्ही बाजारातली कवळी आणून पेशंटच्या तोंडात तशीच कोंबता का हो?"

आम्ही खो खो हसलो. डॉक्टरही हसला, आणि पुढच्या आठवड्यात निमूटपणे सगळी पाकिटं घेऊन तेरोयच्या दारात उभा राहिला.

स्पर्धेचं पिस्तूल लाडावलेल्या नवऱ्यासारखं असतं. घरी गुमान चालतं आणि चारचौघांत रुसतं. त्यातला सगळ्यांत नाठाळ भाग म्हणजे आकडा. बोटभर लांबीची पोलादी कांडी, टोकाला नखाएवढं वाकण. गोळी सुटली की रिकामी पुंगळी पकडून बाहेर ओढायची, एवढंच त्याचं काम. पण प्रत्येक पिस्तुलाचा हट्ट वेगळा. आकडा सैल असला तर पुंगळी आतच अडकते, घट्ट असला तर नवी गोळी वर चढत नाही. म्हणून तो केसभर वाकवायचा, कानशीने चाटल्यासारखं करायचा, पिस्तुलात घालायचा, पुन्हा काढायचा. मग पन्नास गोळ्या झाडायच्या. एकही अडकली नाही, तरच तेरोय तो बाहेर काढायचा आणि त्याच्या मागच्या टोकावर टोच्याने एक टिंब मारायचा. "घरात राहून गेला, आता पाहुणा म्हणायला हरकत नाही," म्हणायचा. टिंब नसलेला भाग म्हणजे त्याच्या मते नुसतं लोखंड.

आकडा पिस्तुलात बसला की त्याचं मागचं टोक बाहेरून दिसतं. घड्याळ धरून मागे उभी असले की मला हमखास दिसायचं. टिंब दिसलं की मला बरं वाटायचं, का कोण जाणे. मी प्रत्येकासाठी उरलेल्या कापडाची बोटभर पिशवी शिवली होती, वेगवेगळ्या रंगाची. तेरोय त्या एकोणीस पिशव्या बिस्किटांच्या डब्यात भरून प्रत्येक सामन्याला यायचा आणि बदामाच्या झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसायचा. कोणाचं काही तुटलं की धावत त्याच्याकडे. त्याच्याकडे दुसरं काय होतं हो? बायको अनसिंग चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. ते टिंब हीच त्याची इस्टेट. तेरोयचं टिंब आहे म्हटलं की दानावमध्ये कोणी पुढे प्रश्न विचारत नसे.

आणि तिथेच सगळं नडलं.

आमच्या भाषेत एक शब्द आहे, उलाव. लाज म्हणा, भीड म्हणा, मोठ्या माणसाचा मान म्हणा, सगळं त्यातच आलं. थोरल्याने वाढलेल्या भातात खडा लागला तरी आम्ही गिळतो, थुंकत नाही. आमच्या आईबापांनी आम्हाला चालायच्या आधी उलाव शिकवला असेल. चांगलीच गोष्ट आहे. पण भीड भिकेची बहीण, हे काही खोटं नाही.

अनसिंग होती तोवर तेरोयच्या डोळ्यांचं कोणाला कळलंच नाही. तो काम करायचा आणि ती शेजारी बसून भागांवरचे बारीक नंबर वाचायची, त्यांच्या चिठ्ठ्या लिहायची. आम्हाला वाटायचं, काय प्रेम आहे बाई म्हातारा-म्हातारीचं. ती गेल्यावर एकदा तो माझ्याकडे आला होता. मी सुईत दोरा ओवत होते. मला जमेना, तर तो हसून म्हणाला, "आण इकडे, म्हातारे." सुई घेतली आणि दोरा भोकाच्या चांगला बोटभर अलीकडे हवेत ओवत राहिला. मग सुई परत दिली. "तुझा दोराच जाड आहे," म्हणाला. मीही म्हणाले, हो, दोरा जाडच आहे. चाळीस वर्षं मी तोच दोरा वापरतेय.

आता क्लारिबेलचं सांगते. औषधाच्या दुकानात कामाला असलेली, छत्तीस वर्षांची, बारकी, बोलायला गोड आणि पिस्तूल हातात आलं की दगड. देशाच्या संघात बायकांच्या दोन जागा होत्या. तिने दोनदा प्रयत्न केला होता, दोनदा तिसरी आली होती. हा तिसरा आणि शेवटचा, कारण बहिणीने तिचे कागद कॅनडाला पाठवले होते आणि फेब्रुवारीत ती जाणार होती. "नांग, एकदा पाठीवर देशाचं नाव घालून उभी राहते, मग खुशाल म्हाताऱ्यांचे डायपर बदलायला जाते," असं मला म्हणायची. तिच्या जर्सीचं माप मी आधीच घेऊन ठेवलं होतं. मूर्खपणा माझा.

निवड सामन्याच्या आधीच्या गुरुवारी तिने रेंजवर पिस्तूल तेरोयच्या हवाली केलं आणि कामावर गेली. पिस्तुलात जुना आकडा होता, झिजत आलेला. जादा म्हणून नवा बसवून, चालवून, बाजूला काढून ठेवायचा होता. तेरोय दिवसभर तिथेच होता. गोळ्यांचे आवाज माझ्या घरापर्यंत येत होते. संध्याकाळी तिने पिस्तूल नेलं, जुना आकडा जागेवर घातलेला.

शुक्रवारी सकाळी तेरोय माझ्याकडे आला. "दाय क्लारिबेलची पिशवी दे. ही पिवळी." आणि हात घातला हिरवीला.

मी पिवळी त्याच्या हातात सरकवली. त्याने खिशातून आकडा काढला, मागे टिंब होतं, ताजं. मी सहज उजेडात धरला. वाकण आरशासारखं लख्ख. आता मी काही कारागीर नाही, पण तीस वर्षं याच लोकांत काढलीत. पितळेच्या पन्नास पुंगळ्या ओढलेल्या आकड्याला पिवळा डाग पडतोच. याला डागाचं नावही नव्हतं.

"नोंग," मी म्हणाले, "फारच चकचकीत दिसतोय हा."

"नवा आहे तर चकचकीत नसणार? तुझे डोळे गेले वाटतं, नांग."

मी हसले. देवाशपथ सांगते, मी हसले. मनाला म्हटलं, पुसला असेल. त्याला सरळ विचारायला हवं होतं की बाबा रे, तुला दिसतं का? पण कोण विचारणार? चौतीस वर्षं कानस चालवलेल्या माणसाला, मी, पट्टे शिवणारी?

शनिवारी क्लारिबेल तेरोयने माझ्याकडे ठेवलेली पिशवी न्यायला आली. मी म्हणाले, "दाय, पन्नास राहू देत, दहा तरी झाडून बघ याने."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "टिंब आहे ना, नांग?"

"आहे."

"मग? उद्या कोणीतरी त्याच्या कानावर घालेल की क्लारिबेलने तुझा भाग तपासून पाहिला. कुठल्या तोंडाने जाऊ मी त्याच्यासमोर? माझं पहिलं पिस्तूल त्याने जोडून दिलंय."

मी पिशवी तिच्या हातात दिली. एक वाक्य पुरलं असतं. अगं, त्याला हिरवं-पिवळं कळत नाही, एवढंच.

रविवारी ऊन मी म्हणत होतं. सहा फेऱ्या होत्या. तीन संपल्या तेव्हा क्लारिबेल सगळ्यांच्या पुढे होती, दुसऱ्या जागेवालीपेक्षाही बरीच पुढे. चौथीत गोळीने पाडायच्या लोखंडी पाट्यांतल्या शेवटच्या पाटीवर तिचं पिस्तूल अडकलं. तिने झटकून मोकळं केलं, पाटी पाडली, वेळ थोडाच गेला. सुरक्षा टेबलावर उघडून बघितलं तर जुन्या आकड्याचं टोक उडालेलं. कोणी घाबरलं नाही. घाबरायचं कशाला? ती बदामाच्या झाडाखाली गेली. तेरोयने डब्यातून पिवळी पिशवी काढली, चाचपून; सकाळी तिनेच ती डब्यात ठेवायला दिली होती. तिने आकडा बदलला आणि त्याच्या खांद्याला हात लावून परत आली.

पाचव्या फेरीला घड्याळ माझ्या हातात होतं. ती उभी राहिली. मी तिच्या मागे, हातभर अंतरावर. पिस्तूल वर आलं आणि मागच्या बाजूला ते टिंब मला स्पष्ट दिसलं. मला अजूनही थांबवता आलं असतं. मी बटण दाबलं.

पहिली गोळी गेली, दुसरी अडकली. तिने पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड ओढली, पुंगळी झटकली, गोळी झाडली. पुन्हा अडकली. पुन्हा झटकली. पाच वेळा. पाचव्यांदा रिकामी पुंगळी आत आणि नवी गोळी त्या पुंगळीच्या पाठीत घुसलेली, असा सगळा गुंता. तिने मॅगझिन उपसलं, नखाने पुंगळी काढायला गेली, बोटातून रक्त आलं. मागे उभ्या असलेल्यांना फक्त खटखट ऐकू येत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. नियमाने मला एक शब्द बोलता येत नाही. बोलायच्या वेळी बोलले नव्हते, आता नियम होता. शेवटच्या तीन पाट्या तशाच उभ्या राहिल्या आणि तिने पिस्तूल खाली केलं.

"रिकामं करून दाखव," मी म्हणाले. तिने दाखवलं. सहावी फेरी तिने कशीबशी उरकली. यादी लागली तेव्हा ती चौथी होती.

आणि मग आम्ही काय केलं, ऐका. आम्ही सगळे झाडाखाली गेलो आणि खोटं बोललो. दातांचा डॉक्टर म्हणाला, "गोळ्या खराब निघाल्या, नोंग. दारू ओली असणार." आणखी कोणी म्हणालं, हो, या खेपेचा मालच वाईट. क्लारिबेलचं बोट रुमालात गुंडाळलेलं होतं. तीही म्हणाली, "गोळ्याच, नोंग. माझंच नशीब."

तेरोय डबा मांडीवर घेऊन बसला होता. तो म्हणाला, "डोळ्याने मला दिसत नाही. ऐकू येतं."

इतकी वर्षं जे आम्ही सांभाळून नेलं होतं, ते त्याने एका वाक्यात आमच्यासमोर टाकलं.

"ओल्या गोळीचा आवाज बसका येतो," तो म्हणाला. "सगळ्या गोळ्या खणखणीत सुटल्या. पुंगळ्या ओढल्या गेल्या नाहीत. दाय, तो आकडा दे."

क्लारिबेल सुरक्षा टेबलापाशी गेली, आकडा काढून आणला. द्यायला तिचा हात पुढे होईना, मी घेतला आणि दिला. त्याने अंगठ्याचं नख वाकणावरून फिरवलं. एकदा, दोनदा. कानस कुठे लागली आहे ते नख शोधत होतं. मग कांडी पूर्ण लांबीवर बोटांत फिरवली. वाकवलेलीच नव्हती. दुकानातून आली होती तशीच होती. त्याने मागच्या टोकावर बोट ठेवलं, टिंबावर, आणि तसाच बसून राहिला. केळीच्या पानावर भात आणि भाजलेलं डुकराचं मांस तसंच पडून होतं, माश्या घोंगावत होत्या. कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो रिक्षा करून घरोघरी फिरला. डब्यातल्या पिशव्या त्याच्याकडे होत्याच. काही भाग लोकांनी पिस्तुलांत बसवले होते, काही घरी नेले होते, तेही परत मागितले. लोक नको म्हणत होते. "राहू दे हो नोंग, माझा उत्तम चालतो." तो ऐकत नव्हता. दारात उभा राहायचा, हात पुढे करून, भाग हातात पडेपर्यंत.

गुरुवारी मी त्याच्यासाठी मासळीचं कालवण घेऊन गेले. तो टेबलाशी बसून धार लावायच्या दगडावर एक आकडा मागच्या टोकाने घासत होता. घासायचा, बोट लावून बघायचा, पुन्हा घासायचा. शेजारी ढीग होता. टिंब गेलेले आकडे एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या.

"हे काय चालवलंयस?" मी ओरडलेच. "यातले निम्म्याहून जास्त बरोबर असतील की रे!"

"कुठले?" त्याने विचारलं. "सांग, कुठले?"

त्याने टेबलाचा खण उघडला आणि आणखी एक आकडा माझ्या तळहातावर ठेवला. "हा बघ. कालच सापडला, या चिंध्यांत."

मी खिडकीपाशी नेला. वाकणाला पिवळा डाग होता, चांगला दाट. कानशीचे बारीक फराटे होते, कांडीला केसभर बाक होता. मागचं टोक कोरं.

"हा दाय क्लारिबेलचा," तो म्हणाला. "पन्नास नाही, सत्तर झाडल्या होत्या मी. एकही अडकली नाही. मग काढून फडक्यावर ठेवला, शेजारी एक नवा पडला होता. टिंब मारायला उचलला तो..." त्याने बोटं हवेत हलवली. "काम खरं होतं, नांग. टिंब खोटं पडलं."

मी रडले. तो नाही रडला. घासत राहिला.

"तू पाहिलं होतंस ना त्या दिवशी?" तो म्हणाला. "चकचकीत आहे म्हणालीस."

"पाहिलं होतं."

"मग?"

"उलाव वाटला."

त्याने मान हलवली. रागावला असता, शिव्या घातल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. तो नुसता म्हणाला, "मलाही. सांगायला." मग हात पुढे केला. "तुझा दे. निळी पिशवी. डब्यात नाही सापडली."

माझ्या जुन्या पिस्तुलासाठी त्याने अनसिंग असताना एक आकडा करून दिला होता. की ती गेल्यावर? मला नक्की आठवत नाही, चिठ्ठी केव्हाच गळून पडली. निळी पिशवी त्या क्षणी माझ्या झग्याच्या खिशात होती. दोन दिवसांपूर्वी आले होते तेव्हा मीच ती डब्यातून काढून घेतली होती, तो चुलीकडे गेल्याचं बघून.

"हरवली," मी म्हणाले.

"तू सुई कधी हरवली नाहीस, नांग."

"हरवली म्हटलं ना."

"बरं," तो म्हणाला आणि दगडावर पाणी शिंपडलं.

क्लारिबेल फेब्रुवारीत गेली. जायच्या आधी ती तीन वेळा तेरोयच्या घरी पाव आणि साखरेत तळलेली केळी घेऊन आली. त्याने दार उघडलं, पाव घेतला, तब्येत विचारली, पण तो खणातला खरा आकडा काही तिला दिला नाही. पिस्तूल तिने विकलं होतं, म्हणून तिनेही मागितला नाही. आता बदामाच्या झाडाखाली कोणी बसत नाही. डॉक्टर पुन्हा प्लॅस्टिकची पाकिटं घेऊन येतो. काहीही अडकलं की सगळे म्हणतात, गोळ्या खराब आहेत.

माझ्या पिस्तुलातला मूळचा आकडा अजून टिकून आहे. निळी पिशवी दर रविवारी पट्ट्याला असते. दानावमध्ये तेवढं एकच टिंब उरलंय. मध्येच बोट घालून मी ते चाचपते. कधी वाटतं, बसवावा आणि पन्नास गोळ्या झाडून मोकळं व्हावं, खरं का खोटं ते कळेल. परवा स्लाइड काढून बसलेही होते टेबलाशी. मग पुन्हा जोडून ठेवली. मला त्याची भीड वाटते.